पेणहून अष्टमीला, गाडीचं डोकं बदलायला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिठाचं पोतं गाडीत चढवणं. एक कान हिराच्या हातात, एक माझ्या. हिरा म्हणजे माझी बायको. आमच्या खारपट्टीत रीत आहे, मिठागराचं नवं मीठ निघालं की पहिलं पोतं लेकीच्या घरी जातं, तिला वर्षभर पुरेल असं. आमची सुनंदा रोह्याच्या अलीकडे अष्टमीला दिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मी डिकीचं दार उघडलं तशी हिरा ओरडली, "लक्ष्मीला टायराच्या मांडीवर बसवताय? काय अक्कल हाय का नाय तुमाला?"

मग पोतं पुढे घेतलं, तिच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेत. म्हटलं, "आणि तुझे पाय?"

"मी मांडी घालून बसंन. मिठाला पाय लागता नये."

बसून पण दाखवलं. बटण दाबून काच खाली केली, तिला काच खालीच लागायची, आणि म्हणाली, "चला, आत्ताच जाऊ." मी म्हटलं, "उद्या."

पहाटे तिच्या छातीत कळ आली. गाडी दारात होती, पण तिला आडवी न्यायची होती, म्हणून शेजाऱ्याच्या टेम्पोतून नेली. पेणच्या दवाखान्याच्या दारात गेली.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. जे सांगायचंय ते अष्टमीच्या प्रवासाचं आहे. पण पोतं सांगितल्याशिवाय प्रवास कळायचा नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे चुका जावई सुधारील. तो मास्तर आहे.

खारपट्टीत

आधी गाडी सांगतो. मी जन्मभर मिठाचा ट्रक चालवला, पनवेलच्या एका शेठकडे. मी काम सोडलं तेव्हा शेठने नवी गाडी घेतली होती, जुनी त्याने मला दिली. जुनी म्हणजे तरी काय! बटणावर काचा, एका टिचकीत चारी दारांना कुलूप. गावात तशी गाडी दुसरी नव्हती. हिरा तिच्यात बसून पेणच्या बाजारात उतरायची तेव्हा आधी इकडेतिकडे बघायची, कोण बघतंय का ते. मगच पाय खाली टाकायची.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, शेवटी भटाने दर्भाचा कावळा करून शिववला. लोक कुजबुजले, काहीतरी राहिलंय बाईचं. तेरावं होईपर्यंत गाडीला कुणी हात लावला नाही, पोतं होतं तिथंच राहिलं. मग मी चालू केली आणि तमाशा सुरू झाला. कोरड्या उन्हात वायपर फिरायला लागले. उजवा सिग्नल दिला की डावा लुकलुकायचा. हॉर्न आपोआप वाजायचा. आणि मधूनच आतला दिवा पेटायचा नि हिराच्या बाजूची काच सर्रकन खाली जायची.

येसू आमची शेजारीण. हिराबरोबर जन्मभर मिठागरावर डोक्यावरून टोपल्या वाहिलेली. तीच पहिली बोलली, "हिरा गाडीत बसलीय. लेकीकडं जायाचं व्हतं तिला."

झालं. दोन दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक. पोरं गाडीपासून लांबून जायला लागली. बायका गाडीकडे पाठ करून पाणी भरायच्या. भगताने सांगितलं, गाडी खाडीपलीकडे विकून टाका. माझा मुलगा जनार्दन शिकलेला, पेणेत दुकानात कामाला, तो पण म्हणाला, "बाबा, पनवेलचा माणूस सोमवारी गाडी बघायला येतोय. लोक बोलतात."

"तुझ्या आयशीला भूत म्हणतात नि तू गिऱ्हाईक शोधतोस?"

"मी कुठं म्हणतो? पण हॉर्न कोण वाजवतं?"

मी म्हटलं, "सोमवारच्या आत गाडी शहाणी करून आणतो. नाय आणली तर विक. पण आणली तर ह्या घरात तिला कोणी भूत म्हणायचं नाय."

गाडी गेली असती तर मला दुःख झालं असतं, पण सोसलं असतं. खरी भीती दुसरी होती. भुताची म्हणून गाडी विकली की हिरा गावात कायमची भूत झाली. चाळीस वर्षं जिने दुसऱ्यांची बाळंतपणं केली, मयतं उचलली, तिच्या नावाने पोरांना भिववतील. ते मला नको होतं.

पेणच्या मिस्त्रीने गाडी बघितली. "काका, ह्या नव्या गाड्यांना डोकं असतं. दिवे, काचा, वायपर, कुलपं, सगळं एका डब्याच्या ताब्यात. बॉडी कंट्रोल म्हणतात. तुमच्या गाडीचं डोकं फिरलंय."

"मग बदल."

"हा डबा पेणेत कुठला मिळायला? मुंबईला सांगितला तरी महिना-दोन महिने." एवढं बोलला नि आतला दिवा पेटला. मिस्त्री तिथून जो उठला तो परत गाडीजवळ आलाच नाही.

सुनंदाला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, आमच्या इब्राहिमभाईच्या गॅरेजात तसलीच गाडी पडलीय, झाडावर आदळलेली. तोंड गेलंय, पण आतलं शाबूत असंल. शनिवारी या. रविवारी मला सुट्टी हाय."

हमरापूर ते खिंड

शनिवारी सकाळी निघालो. एकटाच. जनार्दन येतो म्हणाला, पण तोंडावरूनच कळलं, त्याला पुढे बसायचं नव्हतं.

हमरापूरला रस्त्याच्या कडेला गणपतीचे कारखाने. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम थंडीतही चालू असतं. एक माणूस उघड्यावर बसून मूर्तीचे डोळे काढत होता. ते काम श्वास धरून करायचं. नेमका तिथेच आमचा हॉर्न बोंबलला. त्या माणसाने कुंचला वर धरला, वळून बघितलं नि म्हणाला, "म्हाताऱ्या, देव चकणा झाला असता की रे!"

"वाजवला नाय, वाजला."

"मग त्याला घरी ठेवून ये!"

खरं होतं त्याचं. तिथेच बॉनेट उघडून मी हॉर्नची वायर काढून टाकली. ट्रकवाल्याला तेवढं येतं.

पेण गेलं, वडखळ गेलं. वडखळच्या नाक्यावर पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगलेल्या, सुनंदाला दोन घेतल्या. रिकाम्या हाताने लेकीकडे जायचं नाही, आणि मिठाला भेट म्हणत नाहीत, ते तिच्या हक्काचं.

नागोठण्याला चहाला उतरलो. दार लावलं आणि टक! चारी कुलपं बसली, किल्ली आत. डोक्याला हात लावला. चहावाला बाहेर येऊन बघायला लागला. तेवढ्यात आतला दिवा पेटला आणि डावी काच सावकाश खाली गेली. मी हात घालून किल्ली काढली.

चहावाला म्हणाला, "आत कोण हाय काका?"

"कोण नाय."

"मग काच कोणी उघडली?"

"तू चहा गाळ."

नागोठण्यानंतर भिसे खिंड लागते. आमच्याकडे खिंड म्हणजे काय ते लोकांना माहीत नाही. आमचा मुलूख सपाट, परातीसारखा. वर आभाळ, खाली खारं पाणी, मध्ये आम्ही. खिंडीत दोन्ही बाजूंना झाडी अंगावर येते. चढाला गाडी दुसऱ्या गियरमध्ये होती, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि दिवा परत पेटला. मला पक्कं ठाऊक होतं की डबा बिघडलाय. मिस्त्रीने सांगितलं होतं, मला पटलं होतं, मुलाशी भांडून निघालो होतो. तरी तोंडातून गेलं, "बस गो, खिंड संपली की आलंच."

मग खिंड उतरेपर्यंत मी बोलत होतो. काय बोललो ते लिहीत नाही.

अष्टमी

खिंड उतरलं की मुलूख बदलतो. भात कापलेल्या शेतांत वाल उभा, हिरवागार. आमच्याकडे भात निघालं की जमिनीला मिठाची पांढरी साय येते. इथली माणसं जमिनीकडून दोनदा घेतात. मला हेवा वाटला. पण बोललो नाही, कारण हिरा असती तर म्हणाली असती, ह्यांच्या वालाला मीठ कुणाचं लागतं?

अष्टमी कुंडलिका नदीच्या अल्याड, पूल ओलांडला की रोहा. इब्राहिमभाईचं गॅरेज पुलाच्या वाटेवर. माणूस पन्नाशीचा, दाढी पिकलेली, बोलायला तिखट. माझी गाडी बघून म्हणाला, "आवो चाचा. सुनंदाने सांगितलंय. ही ती भुताची गाडी?"

"भूत म्हणायचं नाय."

"बरं. मग बिघडलेली म्हणू. बिघडलेली मला येते दुरुस्त करता, भुताची येत नाही."

मला माणूस आवडला.

त्याने डावं दार उघडलं आणि पोतं बघितलं. उचललं, बाजूला ठेवलं. ठेवताना आधी हाताने जमीन झाडली, तेही मी बघितलं. पोत्याखालची चटई चिंब होती. दाबली तर पाणी वर आलं. इब्राहिमभाईने माझ्याकडे बघितलं. "चाचा, डबा कुठं असतो ठाऊक आहे? ह्या चटईच्या मागं."

तेवढ्यात सुनंदा आली, शिफ्ट संपवून, धाटावच्या कंपनीतून थेट. अंगात कंपनीचा निळा डगला. मला आधी भेटायचं सोडून ती पोत्यापाशी गेली. त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. इब्राहिमभाई पाना शोधायला आत गेला, त्याचं काही हरवलेलं नव्हतं.

"आईने भरलं?"

"व्हय. तिनंच पुढं ठेवायला लावलं."

चटई रात्रभर वाळू द्यायची ठरली. आम्ही पोतं घेऊन घरी गेलो.

पोपटी

संध्याकाळी जावयाच्या भावाच्या शेतावर पोपटी लावली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, त्यावर जाडं मीठ, परत पाला. मडकं उपडं घालायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. आम्ही खाडीची माणसं, सगळं रश्श्यात बुडवून खाणार, मला वाटलं होतं कोरडं लागेल. पण मडकं फोडलं आणि वास सुटला तेव्हा कळलं, ह्या लोकांनाही जेवता येतं.

मीठ आमच्या पोत्यातलं होतं. सुनंदाने स्वतः मूठभर आणून टाकलं. जावयाची म्हातारी आई एक शेंग सोलून तोंडात टाकून म्हणाली, "व्याही, तुमचं मीठ जहाल हो."

मी म्हटलं, "मिठापेक्षा मीठवाली जहाल होती."

सगळ्यांनी सुनंदाकडे बघितलं. मग सुनंदा फिस्सकन हसली, आणि सगळे हसले. हिरा गेल्यापासून तिच्या नावाने पहिल्यांदा कोणी हसलं.

रविवार

सकाळी गॅरेजात इब्राहिमभाई, सुनंदा आणि मी. जावई तपासायच्या वह्या घेऊन बाकड्यावर.

पहिल्यांदा बॅटरीची वायर काढली. मग चटई उलटली, डाव्या कोपऱ्यातलं पत्र्याचं झाकण काढलं. डबा होता, पुस्तकाएवढा, काळा. त्यात वायरींच्या पाच-सहा गुंड्या, म्हणजे प्लग, खोचलेल्या. सुनंदाने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक गुंडीवर नि तिच्या जागेवर सारखे ठिपके काढले.

इब्राहिमभाई म्हणाला, "गॅरेज आहे का लगीनघर?"

"कंपनीत असंच करते. एकदा वायर चुकली की साहेब भांडतो."

"आणि तू?"

"मी पण भांडते."

हिला आयटीआयला वीजकाम शिकायला घातलं तेव्हा गावात किती बोलणी खाल्ली ते मला ठाऊक आहे. पोरगी काय खांबावर चढणार का, म्हणाले. मी पण डगमगलो होतो. हिरा म्हणाली, "चढंल. मी टोपली घेऊन शिडीवर चढते तेव्हा कोणी काय बोलत नाय." आणि आता तीच पोरगी गाडीच्या पोटात डोकं घालून, तोंडात टॉर्च धरून, वायरी सोडवत होती. रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे उभे राहून बघत होते. मी बाकड्यावर जरा ताठ बसलो.

डबा निघाला. इब्राहिमभाईने त्याचं झाकण उघडलं. आत पांढरे खडे जमलेले, तांब्याच्या रेघांवर हिरवी बुरशी. नवं मीठ गळतं, हे आमच्याकडे पोराला पण माहीत असतं. आठवडे आठवडे त्याचं खारं पाणी सुटत राहतं, म्हणून आम्ही ते फळीवर ठेवतो, जमिनीवर नाही. तेरावं होईपर्यंत पोतं डब्याच्या डोक्यावर रडत होतं.

मी बोटाने खडा उचलला आणि जिभेला लावला.

"बाबा!"

"आमच्याच मिठागराचं हाय," मी म्हटलं.

इब्राहिमभाई मांडीवर थाप मारून हसला. "म्हणजे चाचा, गाव खरं बोलतंय! केलं चाचीनंच!"

आणि मला राग आला नाही. मिठाला पाय लागू नये म्हणून जिने गाडीचं डोकं नासवलं, ती भूत कशाला होईल? ती हिराच. जिवंतपणी केलेलं काम होतं तिचं, मेल्यावरचं नव्हतं.

मग मोडक्या गाडीतून डबा काढला. वरचा नंबर आमच्या डब्याशी जुळला. कोरड्या फडक्याने जागा पुसली, गुंड्या ठिपक्याला ठिपका लावून बसवल्या, बॅटरी जोडली. मी किल्ली फिरवली.

काहीच नाही. दिवे लागले, पण गाडी चालू होईना. परत फिरवली. परत नाही.

इब्राहिमभाईने हात पुसले. "हे मला वाटलंच होतं. हा डबा त्याच्या स्वतःच्या गाडीच्या चावीला ओळखतो. तुमच्या चावीला परकी समजतो."

"मग ती चावी दे."

"ती तुमच्या कुलपात जाणार नाही, चाचा. दात वेगळे."

मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण सोमवार मला दिसायला लागला. पनवेलचा माणूस, दारातली गाडी, लांबून बघणारी पोरं. मी म्हटलं, "राहू द्या. झालं तेवढं पुष्कळ."

"काय झालं पुष्कळ?" सुनंदा म्हणाली. अगदी आयशीचा आवाज. "दात ह्या किल्लीचे पाहिजेत ना? आणि ओळख त्या किल्लीची? मग दोन्ही द्या इकडं."

तिने दोन्ही किल्ल्यांच्या काळ्या टोप्या ब्लेडने उकलल्या. मोडक्या गाडीच्या किल्लीच्या टोपीत वालाच्या दाण्याएवढा एक तुकडा होता, तीच ती ओळख. तो चिमट्याने काढून तिने माझ्या किल्लीच्या टोपीत बसवला, टोपी दाबून बंद केली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"लावा."

लावली. गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली.

इब्राहिमभाई जावयाला म्हणाला, "मास्तर, बायकोला कंपनीतून काढा नि माझ्याकडे पाठवा." जावई म्हणाला, "तुम्हीच विचारा, माझी टाप नाही."

हॉर्नची वायर जोडली. मग सुनंदा गाडीसमोर उभी राहून एकेक विचारत गेली. डावा? डावाच लागला. उजवा? उजवा. वायपर? फिरले, थांबले. काच? वर, खाली, वर.

"आता दार लावा. आतला दिवा गेला पाहिजे."

मी दार लावलं. दिवा गेला. मी बसून राहिलो. डावीकडे बघत राहिलो. दिवा गेलेलाच राहिला, काच वरच राहिली.

सुनंदा खिडकीपाशी आली. "बाबा, झालं. आता नाय लागायचा तो."

"व्हय."

"मग उतरा की."

"उतरतो गो. घाई काय हाय."

ती गेली नाही. फिरून दुसऱ्या बाजूला आली, दार उघडलं आणि ओल्या चटईच्या जागी वर्तमानपत्र पसरून आयशीच्या सीटवर बसली. आम्ही दोघं तसेच बसलो. बाहेर इब्राहिमभाई गिऱ्हाइकाला सांगत होता, "जरा थांबा भाई, टेस्टिंग चालू आहे."

दुपारी जेवून परत निघालो. खिंडीत मी काही बोललो नाही. हमरापूरला मूर्तीवाल्यापुढून सावकाश, हॉर्न न वाजवता गेलो. तो ओळखून हसला.

घरी जनार्दनाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. सगळी बटणं स्वतः दाबून बघितली. "कोणी केलं?"

"तुझ्या बहिणीनं."

त्याने डावी काच परत एकदा खाली-वर केली. मग नाक्यावर जाऊन पनवेलला फोन करून आला, येऊ नका म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. येसू रस्त्याला एसटीची वाट बघत उभी होती, डोळ्याच्या दवाखान्यात पेणेला जायचं होतं तिला. मी गाडी थांबवली, डावं दार आतून उघडलं.

"बस."

"मी मागं बसते."

"पुढं बस. हिच्यात कोण नाय. मिठानं डबा खाल्ला व्हता, सुनंदानं बदलला."

"ऐकलं ते. जनार्दन सांगत व्हता."

"मग?"

येसूने पदर डोक्यावरून नीट घेतला. चप्पल काढून हातात धरली. सीटला हात लावून कपाळाला लावला. आणि मग, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण मी ऐकलं, सीटला म्हणाली, "हिरे, सरक गो जराशी."

आणि बसली.

मी तिचं लुगडं दारात अडकलं नाही ना ते बघितलं, आणि गाडी पेणच्या रस्त्याला लावली.